डाव्या हातावरचा उंचवटा

“‘ताईने केसांत फूक माळले.’ पूर्णविराम,” कुलथे सर गंभीर आवाजात म्हणाले.

छापील पुस्तकाच्या ओळीखालून सरकणारी माझी पेन्सिल थांबली. “सर, फूल.”

“इथे फूक आहे.”

“पुस्तकात फूल आहे, सर.”

“असू दे की. माझ्या बोटाखाली फूक आहे, तर मी फूकच वाचणार. मधला ठिपका उमटलेला नाही, म्हणून ‘ल’चा ‘क’ झालाय. खूण करून ठेव. आणि जरा मोठ्याने बोलत जा, निरंजन. तू खोलीत आहेस की घरी गेलास, हे मला मधूनमधून तपासून बघावं लागतं.”

मी हसलो. मग हसणं त्यांना दिसणार नाही हे ध्यानात येऊन घसा खाकरला.

“आहेस म्हणायचा,” सर म्हणाले.

ब्रेल छापखान्यातल्या मुद्रितशोधनाची हीच रीत होती. टेबलाच्या एका बाजूला ब्रेल वाचणारा दृष्टिहीन वाचक, दुसऱ्या बाजूला छापील प्रत घेऊन बसलेला डोळस जोडीदार. वाचकाने बोटाखाली येईल ते मोठ्याने वाचायचं. अर्थ लागो न लागो, स्वल्पविरामासकट वाचायचं. जोडीदाराने डोळे ओळीवर ठेवायचे आणि फरक आढळला की थांबवायचं. एका वाचकाचं झालं की तेच पान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाचकाकडे जाई. कुलथे सर जन्मांध. त्या छापखान्यातले सर्वांत जुने वाचक. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पानात दुसऱ्या वाचकाला काही सापडलं, तर ती गोष्ट आठवडाभर चहाच्या वेळी चघळली जाई, इतकी ती दुर्मीळ होती.

दिवसा मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो आणि संध्याकाळी इथे येत असे. शिक्षण संपून फार काळ लोटला नव्हता. चारचौघांत बोलायची वेळ आली की शब्द माझ्या घशापर्यंत येत आणि तिथूनच माघारी वळत. ह्या खोलीत मात्र दुसऱ्याच्या आवाजामागून चालायचं होतं आणि चूक असेल तेवढ्यापुरतंच तोंड उघडायचं होतं. त्या वयात मला याहून निवांत जागा माहीत नव्हती.

ती ओळ संपल्यावर सरांनी दोन्ही हात पानावरून उचलले आणि मांडीवर ठेवले, चुलीवरून उतरवलेलं भांडं जपून खाली ठेवावं तसे. बोटांच्या मुळांशी सांधे सुजून चकाकत होते. उजवी तर्जनी करंगळीच्या दिशेने कलली होती. तिचा स्पर्श शाबूत होता, पण तिला पानावर सपाट आणि हलकं ठेवणं सरांना जमेनासं झालं होतं. आणि ब्रेल दाबून वाचता येत नाही. पूर्वी त्यांचा डावा हात पुढच्या ओळीचा आरंभ हेरून ठेवी आणि उजवा त्या ओळीवरून पाण्यासारखा वाहत जाई. आता डावं मनगट वळत नसे, उजवं बोट वाटेत दोनदा विसावा घेई. एका पानाला पूर्वीच्या चार पानांचा वेळ लागत होता. छापखान्यात कुणी काही बोललं नव्हतं, पण सरांकडे येणारा पानांचा गठ्ठा हळूहळू पातळ होत चालला होता, आणि गठ्ठ्याची जाडी हाताने जोखणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नव्हतं.

“आज सकाळी तुमच्या पाटणकर मॅडमनी ही सुई कसली टोचली, ते सांग बघू,” सर म्हणाले. त्यांनी डावा हात उलटा करून टेबलावर ठेवला. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, आतल्या बाजूला, पेनाने एक लहान वर्तुळ काढलेलं होतं.

डॉ. पाटणकर आमच्या रुग्णालयातल्या सांधेविकार विभागाच्या प्रमुख. परदेशातून आलेल्या एका नव्या इंजेक्शनची चाचणी त्यांच्याकडे चालू होती. आमवाताच्या नेहमीच्या गोळ्या सरांवर थकल्या होत्या. हे औषध बाजारात कुठेच मिळत नव्हतं. चाचणीत घेतलं गेलं तरच मिळणार, आणि चाचणीची दारं त्याच आठवड्यात बंद होणार होती. रक्त झालं होतं, छातीचा एक्स-रे झाला होता. सरांच्या आणि इंजेक्शनच्या मध्ये आता एवढी एक सुई उरली होती.

“टीबीची तपासणी आहे, सर. त्या जंतूंचा अर्क असतो. कातडीच्या लगेच खाली सोडतात.”

“मला कुठेय टीबी?”

“नसेल. पण लहानपणी कधी शरीरात शिरून झोपून राहिला असेल, तर कळतं.”

“म्हणजे झोपलेल्याला टोचून जागं करायचं.”

“त्याला नाही, सर. त्याला ओळखणाऱ्या पेशींना.”

“बस नीट,” सर म्हणाले, “आणि पहिल्यापासून सांग. पानं काही पळून जात नाहीत.”

मी सांगू लागलो. त्या एका विषयावर मला बोलता येत असे, आणि काळ्या चष्म्यामागून ऐकणाऱ्या त्या माणसासमोर मला माझ्या चेहऱ्याची लाज वाटत नसे.

“गेल्या आठवड्यात तुमच्या गुडघ्यातलं पाणी काढलं ना, ते माझ्याकडेच आलं होतं.”

“आणि इतके दिवस बोलला नाहीस?”

“निरोगी सांध्यातलं पाणी नितळ असतं. तुमचं गढूळ होतं. थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर नुसती गर्दी. पांढऱ्या पेशी. जखम नाही, जंतू नाही, तरी सगळ्या जमलेल्या.”

“जमून करतायत काय?”

“त्यांच्यातल्या काही फक्त ओळख पटवतात, आपलं कोण आणि परकं कोण. त्यांची समजूत झालीय की तुमच्या सांध्यांचं अस्तर परकं आहे. मग त्या भक्षक पेशींना चेतवतात. भक्षक पेशी एक रसायन सोडतात. ती हाक असते, सर. ती ऐकून आणखी येतात, त्याही तेच रसायन सोडतात. अस्तर सुजून जाड होतं, कूर्चा झिजते, शेवटी हाड कुरतडलं जातं. हे नवं इंजेक्शन ती हाकच अडवतं.”

“म्हणजे माणसं घरचीच.”

“हो, सर.”

“आणि बिनसलंय कशावरून?”

“ते अजून कुणालाच नीट माहीत नाही.”

“एवढी यंत्रं घेऊन बसलात आणि भांडणाचं कारण ठाऊक नाही. आमच्या गल्लीत बरं, नळावर अर्ध्या तासात कळतं.” ते हसले. मग हसू मावळू देऊन म्हणाले, “यात टीबी कुठून आला?”

“हाक तीच आहे, सर. झोपलेल्या टीबीभोवती ह्याच पेशी कडं करून बसलेल्या असतात, वर्षानुवर्षं. त्या हाकेवरच ते कडं टिकतं. ती अडवली तर...”

“पहाऱ्यावरचे उठून जाणार.”

“मग तो नुसता छातीत राहत नाही. मणक्यात जातो, मेंदूत जातो. परदेशात काही माणसं दगावली तशी. म्हणून चाचणीचा नियम कडक आहे. हातावर उठलं, तर औषध नाही.”

बाहेर छपाईच्या पत्र्यावर ठिपके उठवणाऱ्या यंत्राचा ठोका चालू होता.

“उठलं म्हणजे? लाल होतं?”

“लाली धरत नाहीत. उंचवटा धरतात. जुनी ओळख असेल तर पेशी दोन-तीन दिवसांत सुईच्या जागी गोळा होतात, कातडी तेवढ्यापुरती घट्ट आणि उंच होते. डोळ्यांनी चुकायला होतं. बोट फिरवून कड कुठे लागते ते पाहायचं असतं.”

“बोट फिरवून,” सर म्हणाले. मग त्यांनी हात पुन्हा पानावर ठेवले. “चल. ‘आई म्हणाली,’ स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू...”

इतकं सलग मी त्यापूर्वी कुणाशी बोललो नव्हतो. घरी जाताना मला उगीचच हलकं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना रिक्षाने रुग्णालयात घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. वस्तरा धरणंही त्यांना जड जात होतं.

“नवरदेवासारखे दिसताय,” तपासणीच्या खोलीबाहेर बसलेल्या सिस्टर म्हणाल्या.

“मुलगी कशी आहे ते कुणी सांगत नाही मात्र,” सर म्हणाले. सिस्टर खळखळून हसल्या. सर एरवी अनोळखी माणसांशी असं बोलत नसत.

आत डॉ. ढवळे नावाचे तरुण निवासी डॉक्टर होते. आदल्या दिवसापासूनची ड्युटी अजून संपलेली नसावी. डोळे तारवटलेले होते आणि दाराबाहेर रांग होती. त्यांनी सरांचा डावा हात दिव्याखाली धरला, वर्तुळाकडे पाहिलं, हात किंचित तिरपा करून पुन्हा पाहिलं. सरांचा वर्ण काळासावळा होता. वर्तुळाच्या आत रंग कुठेच बदललेला नव्हता.

“काही दिसत नाहीये. फुगल्यासारखं, खाजल्यासारखं वाटलं का?”

“नाही,” सर म्हणाले.

“लहानपणी घरात, शेजारीपाजारी कुणाला टीबी?”

“आठवत नाही.”

“छान. शून्य. खाली इंजेक्शनच्या खोलीत जाऊन बसा. मॅडम आल्या की सही करतील आणि पहिला डोस लगेच देऊन टाकू.”

आम्ही बाहेर पडलो. पूर्वी सर माझं कोपर धरून चालत. बोटं आवळेनाशी झाल्यापासून आम्ही ते उलटं करून घेतलं होतं: ते हात पुढे करत आणि मी तो खालून तळव्यावर पेलत असे. बाही दुमडलेलीच होती. लांबलचक व्हरांड्यात काही पावलं गेलो असू, तोच माझ्या तळव्याला काहीतरी लागलं. कातडीखाली घट्ट, वाटोळं, चहूबाजूंनी कड असलेलं.

माझी पावलं थांबली.

“पायरी आली का?”

“नाही, सर.”

“मग चालायला काय झालं?”

त्यांचा हात माझ्या तळव्यावर होता आणि त्यांनी तो मागे घेतला नाही. व्हरांड्यातून एक स्ट्रेचर गेलं, त्याच्या चाकांचा आवाज दूर जाईपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो.

“असं होय,” सर सावकाश म्हणाले. “इथे कुठे बाक असेल तर बसू या.”

बाक होता. आम्ही बसलो.

“तुम्हाला माहीत होतं?”

“काल सकाळी अंघोळ करताना लागला. तेव्हा मुगाच्या दाण्याएवढा होता. आज उठलो तर सुपारीएवढा. कड इतकी स्वच्छ, की आपल्या छापखान्यात कधी असा ठिपका उमटला नाही.”

“डॉक्टरांना नाही म्हणालात.”

“दिसतंय का, हे तो स्वतःलाच विचारत होता. त्यात मी काय करणार?”

“फुगलंय का, असं तुम्हाला विचारलं त्यांनी.”

“हो. तिथे मी खोटं बोललो.” सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “दुसरंही खोटंच. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर बबन होता. दोघांत मिळून एक पुस्तक. आम्हाला दिवा लागत नाही, तेव्हा ते पांघरुणात घ्यायचं. डावं पान त्याने वाचायचं, उजवं मी, आणि मग अदलाबदल करून एकमेकांना सांगायचं. तो खोकायचा. दिवाळीला घरी गेला आणि परत आलाच नाही. मास्तर म्हणाले, छातीचं होतं. हे आठवत नाही, असं कसं होईल?”

“सर, मग हे इंजेक्शन घेता येणार नाही.”

“का? छातीत काही नाही, फोटो स्वच्छ आला. पन्नास वर्षं झोपलाय बबनचा जंतू. आणखी दहा झोपेल.”

“नाही झोपला तर?”

“तर टीबीच्या गोळ्या घेईन. लोक बरे होतात ना त्याने?”

“बहुतेक होतात. पण हा साधा नसेल, सर. कडंच मोडलेलं असेल. मेंदूत गेला तर वेळच मिळणार नाही कदाचित.”

“कदाचित.” त्यांनी तो शब्द चाचपून पाहिल्यासारखा उच्चारला. “ते तुझं कदाचित आहे. आता माझं सांगतो. सकाळी उठल्यावर तासभर मला मूठ वळत नाही. कपाटातून पुस्तक काढलं तर ते माझ्या हातून पडतं. काल रात्री एक पान घेतलं, आवडीचं. अर्ध्यावर बोट थांबलं ते थांबलंच. निरंजन, तुला पुस्तक दिसतं, रस्ता दिसतो, माणसाचा चेहरा दिसतो. माझ्याकडे जे काही आलं ते ह्या दोन बोटांनी आलं. उद्या कुणी वाचून दाखवेल मला, कळतं ते. पण ते त्याचं वाचणं. पांघरुणात घेऊन एकट्याने वाचायचं, ते कोण देणार?”

दोन्ही बाजूंना पेशी त्याच होत्या. त्यांच्या बोटांत बसून त्यांची बोटं खाणाऱ्याही त्याच, आणि छातीत कुठेतरी पन्नास वर्षं न हलता बसलेल्याही त्याच. त्यांची मी रोज काचेवर मोजदाद करत असे. एकीला राहा आणि दुसरीला जा असं सांगायची सोय कुणाकडेच नव्हती.

“मी पाटणकर मॅडमना सांगू का, की...”

“तुला काय करायचं ते तू ठरव.” सरांचा आवाज चढला नाही. “मी तुला गप्प राहा म्हणत नाही. तू गप्पच असतोस.”

खालच्या मजल्यावरून सरांच्या नावाचा पुकारा झाला.

इंजेक्शनची खोली लहान होती. सर खुर्चीवर बसले, उजव्या हाताची बाही सिस्टरनी वर सरकवली, डावा हात त्यांनी मांडीवर उपडा ठेवला होता. शीतपेटीतून काढलेली बाटली ट्रेमध्ये होती आणि तिच्या काचेवर बाष्प जमत होतं. पाटणकर मॅडम आल्या त्या बोलतच आल्या.

“कुलथे सर, अभिनंदन. तुमचे सगळे रिपोर्ट मनासारखे आले. पहिल्या डोसनंतर लगेच चमत्कार होईल असं नाही, पण महिन्याभरात सकाळचा ताठरपणा उतरलेले बरेच जण आहेत माझ्याकडे. एक आजी तर पुन्हा विणायला लागल्यात.”

“विणायला,” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. मला ते पाहायला नको होतं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मी भिंतीला लागून उभा होतो. शब्द घशापर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे वळू लागले.

“मॅडम, डाव्या हातावर एकदा बोट फिरवून बघता का?”

“काय म्हणालास?”

त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. त्या क्षणी अजून सगळं परत घेता येण्यासारखं होतं. सर खुर्चीत निश्चल होते. त्यांनी मान माझ्या दिशेला किंचित वळवली होती, एवढंच.

मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. ह्या वेळी मोठ्याने.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सरांचा डावा हात आपल्या हातात घेऊन उलटा केला आणि तर्जनी वर्तुळावरून फिरवली. मग पेन पुन्हा उचलून त्याचं टोक बाहेरून आत हलकेच ओढत आणलं. ते जिथे अडलं तिथे खूण केली. समोरच्या बाजूनेही तसंच केलं. पट्टी लावून पाहिली. त्यांनी आकडा उच्चारला नाही. सिस्टरना फक्त म्हणाल्या, “ढवळेंना जरा बोलवा.”

“मॅडम,” सर म्हणाले, “टीबीला औषध आहे?”

“आहे.”

“आणि ह्याला?” त्यांनी उजवा हात थोडा वर उचलला.

मॅडमनी ट्रेमधल्या बाटलीकडे पाहिलं. “हे होतं.”

“मी लिहून देतो. जे होईल ते माझ्या जबाबदारीवर.”

“तुम्ही लिहून द्याल, सर. पण टोचणारा हात माझा असेल.”

“खरं आहे,” सर म्हणाले. “तुमचा हात का त्यात घालायचा.”

सिस्टरनी बाटली उचलून पुन्हा पेटीत ठेवली. सरांनी दुमडलेली बाही खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावायला घेतलं. बटण काजाशी जाई आणि निसटे. मी पुढे झालो तेव्हा त्यांनी हात माझ्यापासून थोडा दूर घेतला, रागाने नव्हे, वाटेतली वस्तू बाजूला घ्यावी इतक्या सहजपणे. मग पुन्हा प्रयत्न सुरू केला. बटण लागेपर्यंत मॅडम, सिस्टर आणि मी, तिघेही उभे राहून पाहत होतो.

रिक्षात सर म्हणाले, “हा उड्डाणपुलावरून का नाही गेला?” मी म्हणालो, पुलावर काम चालू आहे. ते म्हणाले, “असं.”

त्यानंतर सर बरीच वर्षं जगले. टीबीने त्यांना एकदाही हात लावला नाही. मी तो प्रश्न मनाला पुष्कळदा घालून पाहिला: कडं मोडलं नाही म्हणून तो आला नाही, की मोडलं असतं तरी आलाच नसता? काचेखाली याचं उत्तर मिळत नाही. आज असा उंचवटा सापडला तर आधी काही दिवस टीबीच्या गोळ्या देतात आणि मग तेच इंजेक्शन सुरू करतात. आमच्या विभागात दर आठवड्याला असं कुणीतरी येतं. त्या वर्षी चाचणीचा नियम तसा नव्हता. ही रीत आमच्याकडे आली आणि औषध मिळू लागलं, तोपर्यंत सरांच्या बोटांचे सांधे जागच्या जागी आखडून एकजीव झाले होते. सूज उरली नव्हती, म्हणून वेदनाही उरली नव्हती. पेशींचं काम संपलं होतं.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. रिक्षा छापखान्याशी थांबली तेव्हा दुपार कलली होती. मला वाटलं, सर घरी जायचं म्हणतील. ते दाराकडे वळले.

“आलोच आहोत तर एक पाठ उरकून टाकू,” ते म्हणाले. “चौथीचा. बंदरावरच्या दिव्याचा आहे बघ तो.”

आम्ही नेहमीच्या जागी बसलो. मी पुस्तक उघडलं. तो पाठ बरीच वर्षं पुस्तकात होता, दर आवृत्तीला नव्याने तपासला जाई. सरांनी हात पानावर ठेवले, ओठ ओले केले आणि वाचायला सुरुवात केली.

“‘बंदराच्या टोकाला एक उंच दिवा होता.’ पूर्णविराम. ‘वादळ सुटले,’ स्वल्पविराम, ‘की गावातली माणसे दारे लावून घेत,’ स्वल्पविराम, ‘पण दिव्याचा राखणदार मात्र जिना चढू लागे.’ पूर्णविराम.”

मी पेन्सिल ओळीखाली धरून त्यांच्या आवाजामागे चाललो होतो. एक ओळ झाली, दुसरी झाली. फरक नव्हता. आवाज स्वच्छ होता, कुठे अडत नव्हता, कुठे श्वास लांबत नव्हता. पहिला परिच्छेद संपला, दुसरा सुरू झाला. कितीतरी महिन्यांत सरांनी इतकं भरभर वाचलं नव्हतं. क्षणभर माझ्या मनात एक वेडी आशा उभी राहिली आणि मी मान वर केली.

सरांचे दोन्ही हात पानाच्या अगदी वरच्या कडेवर होते, पहिल्या ओळीच्याही वर, जिथे काहीच छापलेलं नसतं त्या कोऱ्या पट्टीवर. हात हलत नव्हते. बोटं एकमेकांना टेकून स्थिर होती. खाली सगळं पान ठिपक्यांनी भरलेलं होतं आणि त्याला कुणी शिवत नव्हतं. सरांचा चेहरा खिडकीच्या दिशेला होता आणि तोंडातून पाठ वाहत होता, एकही विराम न चुकता.

जोडीदाराने फरक आढळला की थांबवायचं असतं. मी पुन्हा पुस्तकात पाहिलं. एका अक्षराचाही फरक नव्हता.

“‘पहाटे वारा पडला आणि होड्या एकेक करून धक्क्याला लागल्या.’ पूर्णविराम.” सर थांबले. त्यांचा श्वास जरा वाढला होता. “काही चूक?”

“नाही, सर.”

“मग पान उलट.”

मी वाकून आधी त्यांच्या हातांखालचं जाड पान अलगद ओढून उलटलं आणि मग माझं.